मुक्काम पोस्ट

लेकीच्या प्रवेशासाठी अधिवासाचा दाखला काढायला आम्ही दोघी सेतू केंद्रात गेलो होतो. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, लाईटबिल, आधार, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स घेतल्या होत्या. फॉर्म भरता भरता ती एका चौकटीपाशी थांबली. ‘सध्याचा पत्ता’ तिनं झरझर लिहून टाकला होता. त्याच्या खाली होता ‘कायमचा पत्ता’.

“आई, इथं ‘वरीलप्रमाणे’ लिहू?”

मागं रांग वाढत होती. मी म्हटलं, “लिही.”

तिनं लिहिलं आणि यथावकाश दाखलाही मिळाला. पण तो शब्द कितीतरी दिवस माझ्या मनात घोळत राहिला, कारण माझ्या वडिलांनी त्या चौकटीत ‘वरीलप्रमाणे’ असं आयुष्यात कधी लिहिलं नाही. पुण्यात नोकरी केली, पुण्यात घर बांधलं, पुण्यातच गेले. तरीही बँकेचं खातं असो, विम्याचा अर्ज असो की माझ्या शाळेचा फॉर्म, कायमच्या पत्त्याच्या ओळीत ते मान खाली घालून, सावकाश, वळणदार अक्षरात भीमाकाठच्या आमच्या जुन्या गावाचं नाव लिहीत. मु. पो. अमुक, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. त्या पत्त्यावर पत्र जाण्याची सोय उरली नव्हती. 1980 साली उजनी धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागं मागं सरत इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत तालुक्यांतल्या गावांवर पसरलं. त्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. आमचं गाव त्याच्या तळाशी आहे.

लहानपणी मला वाटायचं, वडील खोटं लिहितात. पुढं वाटू लागलं, हट्टानं लिहितात. आता त्यांच्या वयाच्या जवळ आल्यावर त्या ओळीकडे नीट बघावंसं वाटतं.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो ‘मुक्काम’. आपण पत्त्याची सुरुवातच या शब्दानं करतो आणि त्याचा अर्थ तर वाटेतला थांबा. पालखीचा मुक्काम असतो, पाहुण्यांचा असतो. ‘वस्ती’चंही तसंच. वस्ती म्हणजे माणसांनी वसवलेली जागा, आणि वस्तीची एसटी म्हणजे रात्री येऊन पहाटे निघून जाणारी. भाड्याच्या दोन खोल्यांतल्या संसाराला आपण ‘बिऱ्हाड’ म्हणतो आणि पाठीवरच्या सामानालाही बिऱ्हाडच म्हणतो. जिथं आपण राहतो तिथून कधीतरी उठायचं आहे, हे आपली भाषा विसरू देत नाही. मग ‘कायम’ म्हणजे काय? हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेनं आला. मुळात त्याचा अर्थ ‘उभा असलेला’. या मूळ अर्थात मुदतीचा काही उल्लेख नाही. नुसतं उभं असणं आहे.

मराठेशाहीतल्या गावगाड्याला हा भेद चांगला माहीत होता. गावात शेतकरी दोन प्रकारचे असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. त्याला थळकरीही म्हणत, कारण शिवारातलं एकेक थळ एकेका मूळ घराण्याच्या नावानं ओळखलं जाई. दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार कैक वर्षांनी परत आला, तरी त्याला आपली जमीन मागता येई. घराणं नाहीसं झालं की जमीन गतकुळी ठरे, पण नांगर दुसऱ्याचा चालला तरी थळाला नाव जुन्या घराण्याचंच राही. उपरी मात्र बाहेरून आलेला, कौलावर, ठरल्या मुदतीपुरती जमीन कसणारा.

ही झाली मिरासदाराच्या मानाची बाजू. दुसरी बाजू ओझ्याची होती. ठरलेला सारा मिरासदारानं भरायचा, वर मिरासपट्टीसारखा जादा बोजाही त्यानंच सोसायचा. उपऱ्याला दर सोयीचे मिळत, आणि नाही परवडलं तर बैल जुंपून तो दुसऱ्या गावी जाऊ शके. मिरासदाराला असं सहज उठता येत नसे. जमीन त्याची होती, आणि तोही त्या जमिनीचा होता. वडिलांची ओळ मला या जुन्या व्यवस्थेच्या उजेडात वाचता येते. पाण्याखालच्या त्या थळाला त्यांचं नाव होतं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत लावून ठेवलं.

पण त्यांच्याच आईची, माझ्या आजीची गोष्ट निराळी आहे.

आजी तेराव्या वर्षी लग्न होऊन नावेतून भीमा ओलांडून आली. माहेर पलीकडच्या काठाला, करमाळ्याकडं. पहिली कितीतरी वर्षं गावात तिला नाव नव्हतं. ‘करमाळ्याची’ एवढीच तिची ओळख होती. थळ सासऱ्याचं, घर सासऱ्याचं, देव सासरचे. आपल्या देशात गाव सोडून जाणाऱ्या बायकांची गणती केली, तर त्यांतल्या बहुसंख्य लग्नापायी गेलेल्या निघतात. जनगणनेत त्याची नोंद होते, पण त्याला विस्थापन कुणी म्हणत नाही. ज्या घरात ती जन्मली तिथं ती परक्याचं धन, आणि जिथं आली तिथं परक्याची लेक. बाईचा कायमचा पत्ता कोणता, हा प्रश्न धरणाच्या कितीतरी आधीचा आहे.

तिच्या सासूच्या हाताला बाळंतपणाचं ज्ञान होतं. आजी ते शिकली. सासू थकल्यावर रात्री-अपरात्री दाराशी येणारा कंदील तिच्यासाठी येऊ लागला. अडलेली बाई मोकळी करून ती पहाटे घरी यायची. हळूहळू ‘करमाळ्याची’ गेली आणि ती सगळ्या गावाची ‘जिजी’ झाली. हे कधी झालं, तिलाही सांगता यायचं नाही. सात-बारावर तिचं नाव कधीच चढलं नाही, पण गावातल्या पोरांची निम्मी पिढी तिच्या हातावर जगात आली होती.

पंढरपूर याच भीमेच्या काठी, उजनीच्या खालच्या अंगाला. आजी विठोबाबद्दल म्हणायची, “त्यो तरी कुठं हितला? द्वारकंचा. बोलावलं म्हणून आला, थांब म्हनले म्हणून हुबा ऱ्हायला.” ती भाबडेपणानं बोलायची. मला मात्र आता त्यात ‘कायम’चा जुना अर्थ जसाच्या तसा दिसतो.

मग धरण आलं. कोयनेची माणसं उठली तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो 1976 साली झाला. आमचं गाव त्या सुमाराला उठलं आणि सगळं एका जागी बसलं नाही. काही घरं काठाकाठानं वर सरकली, तर आमच्यासारखी काही लाभक्षेत्रात, दुसऱ्या तालुक्यात गेली. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी उतरवली. तुळया, वासे, दारं, कड्या, जे कामाला येईल ते ट्रकमध्ये चढलं. आजीनं चौकटीसकट उंबरा काढायला लावला. मी पाच वर्षांची होते. उंबरा काढल्यावर त्या जागी राहिलेली खाच मला अजून दिसते. तिथून आत-बाहेर करताना पाऊल अडखळत नव्हतं, आणि तेच विचित्र वाटत होतं.

नव्या गावठाणात सगळं सरळ रेषेत होतं. आखलेले रस्ते, चुन्याच्या फक्क्या, घरांना प्लॉट नंबर. शेजारच्या मूळ गावातले लोक आम्हाला ‘धरणवाले’ म्हणत. कागदावर आम्ही ‘प्रकल्पग्रस्त’ होतो. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांचं संकट कधीतरी ओसरतं. प्रकल्पग्रस्ताचा मात्र दाखला असतो, आणि तो पुढच्या पिढीला उपयोगी पडतो म्हणून जपून ठेवावा लागतो. त्या मूळ गावकऱ्यांचा आमच्यावर राग होता. तो समजण्यासारखा होता, कारण त्यांच्याच जमिनीतून तुकडे काढून आम्हाला दिले होते. विहिरीवर भांडण नव्हतं, शिवीगाळ नव्हती. फक्त कुणी बोलावत नव्हतं. लग्नाचं आमंत्रण नाही, मयतीचा निरोप नाही. आजी संध्याकाळी दारात बसायची. एकदा आईला म्हणाली, “जमीन दिली, पानी दिलं. हाक कोन देनार?”

चौथ्या पावसाळ्यात एका रात्री दार वाजलं. दोन्ही गावांमधल्या ओढ्याला पाणी होतं, दवाखाना लांब होता. मूळ गावातला एक माणूस गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात बॅटरी घेऊन उभा होता. “ते... बाळंतपण करणाऱ्या आजी हितंच राहत्यात का?” आजीनं काही विचारलं नाही. लुगड्याचा ओचा खोचला आणि निघाली. आई तिला सोडायला ओढ्यापर्यंत गेली.

सकाळी ती परत आली, पायांवर पाणी घेतलं, चुलीपुढं बसली. “पोरगी झाली. धा घटका लागल्या,” एवढंच म्हणाली. मग चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाली, “आपल्या वड्याला लय पानी हाय गं.”

तोवर तो ‘हितला वडा’ होता. ‘आपलं’ म्हणजे पाण्याखालचं. आजीला त्या शब्दातला बदल कळलाही नसेल. आईला कळला. ती मला ही गोष्ट सांगताना या वाक्याशी नेहमी थांबायची.

तेव्हापासून माझ्या मनात एक समजूत रुजली, की माणूस जागेवर हक्क सांगतो तेव्हा नाही, तर जागा त्याच्यावर हक्क सांगते तेव्हा तो तिथला होतो. कुणाच्या तरी अडल्या वेळी तुमचं नाव आठवतं, तुमच्याकडं वर्गणी मागायला न चुकता येतात, तिरडीला खांदा कमी पडला तर तुमच्या दाराकडं बघतात, तेव्हा समजावं की आपण इथले. ही समजूत मला पुष्कळ वर्षं पुरली.

पुढं वाचन वाढलं तेव्हा कळलं की ती अर्धीच आहे. त्याच गावगाड्यात एक समाज असा होता की त्याला दिवसरात्र हाक येई. महार वतनदारानं गावची राखण करायची, सांगावे पोचवायचे, सरकारी कामासाठी धावायचं, मेलेलं जनावर ओढायचं. गाव त्याच्यावर अष्टौप्रहर हक्क सांगे, आणि राहायला जागा मात्र वेशीबाहेर देई. त्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं. ती कनिष्ठ वतनं कायद्यानं संपायला 1958 साल उजाडलं. हक्काशिवायची हाक म्हणजे वेठ. माझ्या आजीला आलेली हाक गोड वाटते, कारण ती नाही म्हणू शकत होती.

आणि काहींच्या वाट्याला हक्कही नाही, हाकही नाही. भटक्या-विमुक्तांना जातीचा दाखला हवा असेल, तर महाराष्ट्रात 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीपासून आपलं घराणं इथं राहत असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. ज्यांच्या आजोबांना एका गावात चार रात्रींवर थांबू दिलं जात नव्हतं, ज्यांना 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलं आणि 1952 पर्यंत त्या कायद्यांखाली ठेवलं, त्यांच्या नातवाकडून आपण त्या काळातल्या पत्त्याचा कागद मागतो. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचं नाव ‘उपरा’ आहे. मिरासदार आणि उपरी या जोडीतला तो शब्द एका अख्ख्या समाजाच्या आयुष्याला पुरून उरला. सेतू केंद्राच्या रांगेत आमच्या पुढं एक माणूस होता. त्याच्याजवळ पिशवीभर कागद होते, तरी खिडकीतून त्याला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येत होता, “जुना पुरावा?” माझ्या मुलीच्या ‘वरीलप्रमाणे’ला पाच सेकंद लागले. तो माणूस आम्ही निघालो तेव्हाही बाकावर कागद लावत बसला होता.

कायद्याची स्वतःची समज याहून उदार आहे, हे मला नंतर जाणवलं. राज्यघटनेनं देशात कुठंही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. 1984 साली प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याराज्यांचे वेगळे अधिवास घटनेला ठाऊक नाहीत. महाराष्ट्रातला दाखला मात्र पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा हिशोब बघतो. मतदार यादीचा कायदा तर मला फार शहाणा वाटतो. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तुम्ही तिथले सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, असं तो सांगतो, आणि तात्पुरते बाहेर गेलात म्हणून तिथले नाहीसे होत नाही, असंही सांगतो. मालकी आणि राहणं यांतला फरक त्या रुक्ष कलमाला कळतो.

माझी भाची कॅनडात असते. तिला तिथली ‘पीआर’ मिळाली तेव्हा घरात पेढे वाटले. कायम रहिवासी! मग तिनंच समजावलं, की पाच वर्षांत 730 दिवस त्या देशात प्रत्यक्ष काढले तर हे कायम टिकतं. तिची आई आजारी पडली तेव्हा ती भारतात राहिलेला एकेक दिवस वहीत मांडत होती. मी तिला विचारलं, “तुला तिथलं वाटायला कधी लागलं गं?” तिला आठवावं लागलं नाही. “मावशी, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडं ठेवायला दिली ना, त्या दिवशी.” तिला माझी आजी फारशी आठवत नाही. तरी उत्तर आजीचंच होतं.

आणि मी? या सोसायटीत मला बावीस वर्षं झाली. पुष्कळ काळ मी इथं राहायला आलेली होते, वडिलांसारखीच, मनात दुसरा पत्ता बाळगून. 2020 च्या टाळेबंदीत गेटवर एक कागद लागला. वयस्कर लोकांनी रात्री काही लागलं तर कुणाला उठवायचं, त्याची यादी. कुणी केली, मला विचारलं होतं का, आठवत नाही. चौथ्या ओळीत माझं नाव आणि फ्लॅट नंबर होता. भाजी आणायला निघालेली मी पिशवी हातात धरून त्या कागदापुढं उभी राहिले. त्या वर्षात माझी बेल चार वेळा वाजली. एकदा ऑक्सिजनचा सिलिंडर शोधायला, एकदा एका आजोबांच्या शेजारी नुसतं बसायला. आजीसाठी कंदील येत असे, मला बेल आली. म्हणून लेकीनं ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं ते मी पुसायला लावलं नाही. तिच्यापुरतं ते खरं आहे आणि माझ्यापुरतंही खरं झालं आहे.

वडिलांची ओळ मात्र त्यामुळं खोटी ठरत नाही. हे मला तात्यांनी दाखवलं.

तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचं घर काठावर सरकलं. उन्हाळ्यात धरणाचा उपयुक्त साठा संपून पातळी मृतसाठ्यात उतरू लागली, की आमच्याकडं ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतात. पाणी ओसरतं तशी बुडालेली जमीन उघडी पडते. तिच्यावर बसलेल्या गाळात काही महिन्यांपुरतं पीक घेता येतं. त्याला गाळपेर म्हणतात. पाटबंधारे खातं ती जमीन हंगामापुरती भाडेपट्ट्यानं देतं आणि प्रकल्पग्रस्तांना अग्रक्रम असतो. म्हणजे ज्या थळाचे ते मिरासदार होते, तिथंच तात्या आता दर वर्षी मुदतीवर येतात, उपऱ्यासारखे.

2024 च्या उन्हाळ्यात धरण जवळपास उणे साठ टक्क्यांपर्यंत उतरलं होतं. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पायथ्यापर्यंत उघडं पडलं आणि ते बघायला लांबून लोक येत होते. मीही गेले. तात्या मला आमच्या शिवारात घेऊन गेले. भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा चुरा, मध्येच एखाद्या जात्याची तळी. भिंत कुठंच नव्हती. मला काही ओळखू येईना. तात्या मात्र रस्त्यानं चालावं तसे चालत होते. दूरचं मंदिराचं शिखर आणि चिंचेचं एक काळं खोड एका ओळीत आलं तसे ते थांबले.

“हितं हीर.”

मला नुसता सपाट गाळ दिसत होता. त्यांनी एक ढेकूळ उचलून पुढं टाकलं. वरचा पापुद्रा फुटला आणि ते आत बुडालं. विहीर गाळानं भरली आहे. वरून वाळते, आत दलदल राहते. बकरं गेलं तर निघत नाही, पोर गेलं तर निघणार नाही. पाणी उतरलं की पेरणीच्या आधी तात्यांचं पहिलं काम ठरलेलं असतं. काठावरून बाभळीच्या काट्या तोडून आणायच्या, विहिरीच्या तोंडाभोवती गोल रचायच्या, वर दगड ठेवायचे. पावसाळ्यात दौंडकडून पाणी आलं की काट्या वाहून जातात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. बहात्तर वर्षांचे तात्या हे चाळीसहून जास्त वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत.

“खात्याला सांगायचं ना,” मी म्हटलं.

“त्यांना हीर कुठं हाय ते ठावं न्हाई,” तात्या म्हणाले आणि काट्यांची मोळी सोडू लागले. दुसरं टोक मी धरलं.